८×४२ म्हणजे काय? हरणं पाहण्यासाठी परवडणारी दुर्बीण निवडताना

दर उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमा जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "मचाण मिळालंय, दुर्बीण कोणती घेऊ? दहा-बारा हजारांच्या वर जायचं नाही." वनविभागाच्या ‘निसर्गानुभव’ उपक्रमात पौर्णिमेच्या उजेडात मचाणावर बसायचं आणि पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करत रात्र जागवायची, त्यासाठी ही तयारी. फोन ठेवला की पाठोपाठ मोबाइलवर एक जाहिरात येते: ‘९०×९०, डे-नाइट, एचडी, तीन किलोमीटरपर्यंत स्पष्ट’. किंमत बाराशे रुपये. "ही चालेल का?"

अशी जाहिरात पाहिली की माझा जीव तुटतो. माणूस हौसेनं पैसे घालतो, मचाणावर त्याला त्यातून काळोखाशिवाय काही दिसत नाही आणि मग ‘दुर्बिणीत काही अर्थ नाही’ असं म्हणून ती कायमची कपाटात जाते. दुर्बिणीवरचे आकडे एकदा नीट समजले तर हे टळतं. त्यातलं गणित पाचवीच्या पुढचं नाही.

हरणं नेमकी कधी दिसतात?

आधी जनावराचा विचार करू, दुर्बीण नंतर. चितळांचे कळप दिवसाही मोकळ्यावर चरताना दिसतात. पण सांबर हे संध्याकाळचं आणि रात्रीचं जनावर. भेकर बहुधा एकटं, झुडपांच्या कडेकडेनं फिरणारं, आणि ते दिसलं तर पहाटे नाहीतर दिवेलागणीला. उन्हं चढली की सगळी सावलीला जाऊन रवंथ करत बसतात. म्हणजे हरणं पाहण्याची खरी वेळ कमी उजेडाचीच. त्यातून आपल्याकडे ही वेळ तोकडी. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत महाराष्ट्रात अंधारून येतं. उत्तरेकडे स्कॉटलंडमध्ये जून महिन्यात हाच संधिप्रकाश तासाहून जास्त रेंगाळतो.

काही वर्षांपूर्वी नागझिऱ्यात अशाच एका संध्याकाळी गाइडनं जीप थांबवली. तळ्याच्या पलीकडे, बांबूच्या कडेला काहीतरी काळपट दिसत होतं. मी माझी छोटी १०×२५ दुर्बीण डोळ्यांना लावली. काळपट डाग मोठा झाला, पण डागच राहिला. "दगड आहे," मी म्हटलं. गाइड हळूच म्हणाला, "ताई, तो दगड नाही जी, सांबर आहे. कान हालला बघा." त्यानं गळ्यातली जुनी, जाडजूड ८×४० दुर्बीण माझ्या हातात दिली. त्या दगडाला दोन कान होते, मानेवर आयाळीसारखे राठ केस होते आणि तो सरळ आमच्याकडे बघत होता. त्याच्या दुर्बिणीची पॉवर माझ्यापेक्षा कमी होती. तरी तिच्यातून सांबर दिसलं आणि माझ्यातून दिसलं नाही. असं का झालं, हे समजलं की दुर्बीण निवडण्यातलं निम्म्याहून जास्त काम होतं.

त्या दोन आकड्यांचा अर्थ

८×४२ यातला पहिला आकडा म्हणजे पॉवर. वस्तू आठ पट जवळ असावी तशी दिसते. दोनशे मीटरवरचं चितळ पंचवीस मीटरवर उभं असल्यासारखं. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या, जनावराकडे तोंड असलेल्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

पाऊस पडत असताना अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? पुढचं भिंग म्हणजे उजेडाच्या पावसात ठेवलेलं भांडं. २५ मिलिमीटरचं भिंग ही वाटी, ४२ मिलिमीटरचं भिंग ही परात. व्यास पावणेदोन पटीहून थोडा कमीच वाढला, पण क्षेत्रफळ, म्हणजे साठणारा उजेड, २.८ पट झाला.

उजेडाची टिकली

साठलेला उजेड डोळ्यात उतरायला हवा. दुर्बीण हातभर लांब धरून तिचं तोंड उजळ आकाशाकडे करा. डोळ्याला लावायच्या काचांमध्ये दोन गोल, चमकदार ठिपके दिसतील. याला मी उजेडाची टिकली म्हणते. दुर्बिणीतून येणारा सगळा प्रकाश या टिकलीतून बाहेर पडतो. तिचा आकार काढायचा तर दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ८×४२ ची टिकली ५.२५ मिलिमीटर, १०×४२ ची ४.२, ८×३२ ची ४, आणि माझ्या त्या १०×२५ ची फक्त २.५.

आता आपला डोळा. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, तेव्हा २.५ ची टिकलीही पुरते. म्हणूनच छोटी दुर्बीण दुकानात, दुपारी, छान वाटते. अंधार पडू लागला की बाहुली उमलते. तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत जाते, वय वाढेल तशी कमी उघडते, पन्नाशी-साठीच्या पुढे अनेकांची पाचच्या आसपास थांबते. बाहुली पाचची आणि टिकली अडीचची असेल तर डोळ्यानं दार सताड उघडलं, पण आत येणारा पाहुणा बारीक, अशी गत होते. नागझिऱ्यात नेमकं हेच झालं. गाइडच्या ८×४० ची टिकली ५ मिलिमीटर, माझी २.५. निम्मा व्यास म्हणजे पाव क्षेत्रफळ. माझ्या डोळ्यात चौपट कमी उजेड येत होता.

उलट टिकली बाहुलीपेक्षा मोठी असेल तर जादाचा उजेड बाहेर सांडतो, अरुंद तोंडाच्या बाटलीत घागर ओतावी तसा. म्हणून ७×५० ची सात मिलिमीटरची टिकली साठीतल्या माणसाला पूर्ण उपयोगाची नाही आणि तेवढं वजन मात्र गळ्यात वागवावं लागतं. हरणांसाठी पाच मिलिमीटरच्या आसपासची टिकली मला सगळ्यात शहाणी निवड वाटते.

मग पॉवर जास्त घेतली तर?

हा प्रश्न येणारच. दहाची पॉवर आठापेक्षा चांगली, आणि वीसची तर फारच, असं वाटणं स्वाभाविक आहे. दोनशे मीटरवरचं चितळ आठनं २५ मीटरवर येतं आणि दहानं २० मीटरवर. फरक पाच मीटरचा. त्या पाच मीटरसाठी काय मोजावं लागतं ते पाहा. हाताचा कंप आठऐवजी दहा पट दिसतो. टिकली लहान होते. आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो: एक किलोमीटर अंतरावर साधारण आठची दुर्बीण १३० मीटर रुंदीचा भाग दाखवते, दहाची ११० च्या आसपास. दाट झाडोऱ्यात झुडपांतून सरकणारं भेकर त्या पट्ट्यात सापडणं हीच मुख्य अडचण असते. दिसलं की क्षणात नाहीसं होणारं ते जनावर, अरुंद खिडकीतून शोधत बसलात तर गेलं.

बारा-सोळा-वीसच्या पॉवरला तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, लागतं. तिकाटणं नसेल तर हललेल्या चित्रात कान आणि पान वेगळं काढता येत नाही.

दहाची पॉवर खरंच कामाला येते ती उघड्या माळावर. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य किंवा सुप्याजवळचं मयूरेश्वर, इथे काळवीट आणि चिंकारा दिवसाउजेडी, लांबवर, मोकळ्या गवतात दिसतात. (काटेकोर बोलायचं तर हे दोघे हरणांच्या नव्हे, कुरंगांच्या कुळातले. हरणांची शिंगं दरवर्षी गळून नव्यानं येतात, यांची जन्मभर टिकतात.) तिथे दहाची दुर्बीण घेतली तर मी नाही म्हणणार नाही. पण माळावर दुपारी तापलेल्या जमिनीवरून झळा उठतात, आणि पॉवर जितकी जास्त तितक्या झळाही मोठ्या दिसतात. अकरानंतर माझ्या मैत्रिणीच्या दहाच्या दुर्बिणीतलं काळवीट पाण्याखाली उभं असल्यासारखं लहरत होतं.

राहिली ती ९०×९०. पुढचं भिंग खरंच ९० मिलिमीटरचं असेल तर ते वरणाच्या वाटीएवढं रुंद हवं. पट्टी लावा. ते पस्तीस-चाळीस मिलिमीटरच भरतं आणि पॉवरचा आकडाही तितकाच खोटा असतो. पॉवर कमी-जास्त करता येणारी झूम दुर्बीणही स्वस्तात चांगली मिळत नाही. तीही टाळा.

प्रत्येक काचेचा टोल

दोन दुर्बिणी, दोन्ही ८×४२, एक तीन हजारांची आणि एक बारा हजारांची. मग फरक कशाचा?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण चार टक्के उजेड मागे फिरतो. चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दुर्बिणीत भिंगं आणि लोलक मिळून अशी दहा-सोळा पृष्ठं सहज असतात. मुंबईहून नागपूरला जाताना प्रत्येक नाक्यावर खिशातल्या पैशांतले चार टक्के टोल म्हणून काढून घेतले, तर दहा नाक्यांनंतर शंभरातले साधारण ६६ उरतील, सोळा नाक्यांनंतर ५२. अर्धा उजेड रस्त्यातच संपला. शिवाय मागे फिरलेला उजेड आतल्या आत भटकतो आणि चित्रावर धुकट पडदा धरतो.

यावर उपाय म्हणजे काचेवर अतिशय पातळ थरांचा मुलामा, कोटिंग. हे तंत्र १९३५ मध्ये जर्मनीतल्या झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी विकसित केलं. चांगल्या बहुपदरी मुलाम्यानं टोल अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ असे दोन्ही शब्द हवेत: सगळ्या पृष्ठांवर, आणि अनेक थरांचा. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे एखाद्या काचेवर एकच थर असला तरी चालतं. आणि भिंगं माणकासारखी लालभडक चमकत असतील तर ती दुर्बीण दिसायला देखणी, पण हरणांसाठी वाईट. तो मुलामा लाल रंग परतवून लावतो, चित्र हिरवट-निळसर पडतं, आणि चितळाचा तांबूस रंग हीच तर त्याची ओळख.

वाकड्या नळ्या की सरळ?

भिंगांमुळे चित्र उलटं होतं. ते सुलटं करण्यासाठी दुर्बिणीत लोलक बसवतात. जुन्या घडणीच्या, खांदे बाहेर आलेल्या दुर्बिणीत पोरो लोलक असतात. १८५४ मध्ये इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी त्यांचं पेटंट घेतलं. सडपातळ, सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत रूफ लोलक असतात.

सरळ नळ्या हातात छान बसतात, पण त्यांचे लोलक फार अचूक घडवावे लागतात आणि त्यांच्यावर खास मुलामे चढवावे लागतात, नाहीतर चित्र मऊ, फिकट पडतं. पोरोला एवढे लाड लागत नाहीत. म्हणून पाच-सात हजारांच्या मर्यादेत पोरो जवळजवळ नेहमी जास्त उजळ आणि स्पष्ट असते. दहा हजारांच्या पुढे सरळ नळीची दुर्बीण घ्यायला हरकत नाही, फक्त लोलकावरच्या या खास मुलाम्यासाठी ‘फेज कोटिंग’ हे शब्द शोधा. लोलकाची काच बरी आहे का, हे त्या टिकलीतच कळतं. टिकली पूर्ण गोल असली तर ठीक. तिच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर काच हलकी.

हरणामागे चालण्याचा जिथे व्यवसाय आहे, तिथले लोक काय वापरतात?

ब्रिटनमध्ये हरणांची शिकार कायदेशीर आहे. वाऱ्याचा अंदाज घेत, दबकत हरणापर्यंत पोचायच्या त्या पद्धतीला तिथे ‘स्टॉकिंग’ म्हणतात. इंग्लंडमधल्या १९९१ च्या हरीण कायद्यानुसार रात्री गोळी घालता येत नाही, पण सूर्योदयाआधीचा एक तास आणि सूर्यास्तानंतरचा एक तास ‘रात्री’त मोजला जात नाही. म्हणजे त्यांचं सगळं काम या दोन अंधुक तासांवर येऊन ठेपतं. नर आहे की मादी, तरुण की म्हातारा, मागे पिल्लू आहे का, हे अंधुकात ओळखल्याशिवाय बंदूक उचलायची नसते. त्यामुळे ८×४२ हा तिथला ठरून गेलेला आकार. मध्य युरोपात मचाणावर बसणारे शिकारी तर ८×५६ वापरतात, टिकली पूर्ण सात मिलिमीटरची. पण ती किलोभर किंवा त्याहून जड असते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली आणि ते फार चांगलं झालं. पण दबकत जाणं, थांबणं, ओळखणं हा त्या विद्येचा अर्धा भाग आपणही वापरतो, त्यामुळे त्यांचा हा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

दहा-बारा हजारांत काय घ्यावं?

भाव बदलत राहतात, म्हणून ढोबळ सांगते. पोरोमध्ये निकॉनची अक्युलॉन ८×४२ उजळ आहे, तिचा दिसणारा पट्टाही रुंद आहे, पण ती पावसात भिजवायची नाही आणि चष्मा लावणाऱ्यांना ती अडचणीची. सरळ नळीत निकॉनची प्रोस्टाफ पी३ आणि सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स, दोन्ही ८×४२, पाण्याला टिकणाऱ्या. बजेट थोडं ताणावं लागेल, पण कोकणात किंवा भीमाशंकरच्या पावसात फिरणार असाल तर ताणाच.

चष्मा असेल तर एक गोष्ट जरूर बघा. डोळा काचेपासून किती मागे ठेवून पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला ‘आय रिलीफ’ म्हणतात. ते किमान १५ मिलिमीटर हवं, १७ असलं तर निवांत. कमी असेल तर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि भोकातून बघितल्यासारखं वाटतं.

शक्य असेल तर दुकानात जाऊनच घ्या, आणि संध्याकाळी जा. दुकानाबाहेरच्या झाडाच्या बुंध्याशी, सगळ्यात गडद सावलीत काय दिसतं ते पाहा. एकाच पॉवरच्या दोन-तीन दुर्बिणी लागोपाठ लावल्या की फरक न सांगता कळतो. मग समोरच्या गच्चीची आडवी कड बघा. दोन डोळ्यांना ती वर-खाली दिसत असेल किंवा दोन मिनिटांत कपाळ जड होत असेल तर नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण फुकट मिळाली तरी नको.

जुनी दुर्बीण घ्यायला मला आवडते. गाइडची ती ८×४० जुन्या बाजारातलीच होती. फक्त पुढच्या भिंगातून विजेरी मारून आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी आहे, आणि बुरशीनं काच खाल्ली की साफ करूनही डाग राहतात.

कॅमेरा आहेच, मग दुर्बीण कशाला?

कॅमेऱ्याची मोठी लेन्स अंतर कापते, पण एका डोळ्यानं, अरुंद चौकटीतून, पडद्यावर. दुर्बीण दोन्ही डोळ्यांनी बघायला लावते, त्यामुळे पुढचं झुडूप आणि मागचं हरीण यांतलं अंतर जाणवतं. ठिपक्या-ठिपक्यांच्या उन्हात उभं असलेलं ठिपक्यांचं चितळ पानांतून सुटं होतं ते त्यामुळेच.

‘डे-नाइट’ लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणीत रात्री दिसण्याची कुठलीही सोय नसते. कुठलीही साधी दुर्बीण असलेला उजेडच डोळ्यात पोचवते, नवा तयार करत नाही. लक्स या उजेड मोजायच्या एककात पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या आसपास, आणि भर उन्हाचा लाखाच्या घरात. एवढ्यातही ८×४२ मधून पाणवठ्यावरचं सांबर शिंगांसकट ओळखता येतं. विजेरी लावायची गरज पडत नाही, आणि मचाणावर ती लावायचीही नसते.

पहिल्या दिवशी करायचं काम

नवी दुर्बीण घेतलेले बहुतेक जण ती कधीच स्वतःच्या डोळ्यांना जुळवत नाहीत. आधी नळ्या जवळ-लांब करून दोन गोल एकात मिळवा. मग उजवी बाजू हातानं झाका आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावी बाजू झाका. मधलं चाक तसंच ठेवून उजव्या काचेजवळचं छोटं कडं फिरवा, तीच पाटी स्पष्ट होईपर्यंत. कड्यावरची ती खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक.

जंगलात जनावर दिसलं की त्याच्यावरची नजर काढू नका. खाली बघत दुर्बीण शोधलीत तर जनावर हरवतं. नजर तिथेच ठेवून दुर्बीण हळूहळू वर आणा. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, आणि आपल्याला न जाणवणारी हालचाल त्याला चटकन कळते. हात झटक्यात वर गेला की चितळ पाय आपटतं, शेपटी वर होते आणि कळप निघतो. कोपर गुडघ्यावर किंवा जीपच्या दांडीवर टेकवा, इंजिन बंद करायला सांगा, आणि टोपीची पुढची कड दुर्बिणीबरोबर बोटांत धरा. कंप निम्म्यावर येतो.

जूनमध्ये पाऊस लागला की कातडी पिशवीतून दुर्बीण बाहेर काढा. कातडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी बाहेर काढून वापरा. काचेवर धूळ असेल तर आधी फुंकणीनं उडवा, मगच मऊ कापड. सदऱ्याच्या टोकानं पुसू नका. त्या टोकाला जंगलातली बारीक वाळू असते, आणि तुम्ही ज्या मुलाम्यासाठी पैसे मोजले तो तिनंच खरवडला जातो.